विमान आणि परांची

इटालियन गाड्यांचा विषय निघाला की वाद ठरलेला: फेरारी की लॅम्बोर्गिनी? नाशिकच्या कॉलेज रोडवर चहाच्या टपरीशी उभं राहिलं तरी दहा मिनिटांत हा वाद ऐकू येतो. दोन्ही बाजूंचे वकील फोनमध्ये व्हिडिओ काढून तयारच असतात. वादात मजा आहे, मलाही येते. पण तो फुकट आहे. त्यातल्या एकालाही त्या गाडीचा हप्ता भरायचा नाही, की पावसात बंद पडल्यावर ती ढकलायची नाही.

इटलीतून आलेल्या आणखी दोन गाड्या आहेत. त्यांच्याबद्दलचं मत मात्र आपल्या घरांना महाग पडलं होतं. व्हेस्पा आणि लॅम्ब्रेटा. व्हेस्पा आपल्याकडे आधी त्याच नावाने, मग प्रिया आणि चेतक होऊन फिरली. लॅम्ब्रेटा आधी मुंबईत जुळवली गेली आणि पुढे लखनौहून विजय सुपर होऊन आली. या स्पोर्ट्स कार नव्हत्या हे खरं. पण त्यांच्या देशात त्यांची चुरस फेरारी-लॅम्बोर्गिनीइतकीच कडवी होती, आणि आपल्या देशात माणसं त्यांच्यासाठी वर्षानुवर्षं रांगेत थांबली.

या रांगेचा निकाल आपण फार घाईने लावतो. ‘चेतक चांगली होती म्हणून टिकली, लॅम्ब्रेटात दम नव्हता म्हणून गेली,’ असं घराघरांत म्हटलं जातं. या एका वाक्यात दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झाली आहे: वस्तूचा गुण आणि वस्तूचं नशीब. समीक्षेचं काम या दोन्ही वेगळ्या करून बघण्याचं असतं. कादंबरी किती खपली यावरून ती कशी आहे हे ठरत नाही, हे आपल्याला पटतं. मग स्कूटरच्या बाबतीत का पटू नये?

दोन धंदे, दोन कल्पना

दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा पियाज्जो ही कंपनी विमानं बनवणारी होती. पोंतेदेरातला तिचा कारखाना बॉम्बहल्ल्यांत उद्ध्वस्त झाला होता आणि विमानांना आता गिऱ्हाईक उरलं नव्हतं. एनरिको पियाज्जोने कोर्रादिनो दास्कानिओ या अभियंत्याला स्वस्त दुचाकी आखायला सांगितलं. दास्कानिओ हेलिकॉप्टरवर काम केलेला माणूस. मोटारसायकल त्याला मुळीच आवडत नसे: कपड्यांवर तेल उडतं, टायर बदलणं कटकटीचं, आणि बसायचं तर टांग टाकून. त्याने जे आखलं त्याचं पेटंट २३ एप्रिल १९४६ रोजी नोंदवलं गेलं. फुगीर मागचा भाग आणि बारीक कंबर बघून पियाज्जो म्हणाला, ही तर गांधीलमाशीसारखी दिसते. इटालियनमध्ये गांधीलमाशीला व्हेस्पा म्हणतात.

लॅम्ब्रेटा वर्षभराने, १९४७मध्ये आली. मिलानमधल्या लाम्ब्राते भागात फेर्दिनांदो इन्नोचेन्ती याचा कारखाना होता. त्याने नाव आणि पैसा कमावला तो पोलादी नळ्यांत. इमारतीभोवती उभारायच्या परांच्यांना लागणाऱ्या नळ्या आणि त्या जोडायचे क्लॅम्प हा त्याचा मूळ धंदा. असं सांगितलं जातं की दास्कानिओ आधी इन्नोचेन्तीकडेच काम करत होता आणि दोघांचं बिनसलं ते नळ्यांवरूनच. इन्नोचेन्तीला सांगाडा नळ्यांचा हवा होता आणि दास्कानिओला दाबून घडवलेल्या पत्र्याचा.

हा फरक नाशिककराला समजावून सांगायला फार कष्ट पडू नयेत. आपल्याकडे ओझरला १९६०च्या दशकापासून लढाऊ विमानं बनतात. विमानाचा पत्रा ही नुसती वरची कातडी नसते, तोच भार पेलतो. अंड्याचं कवच असतं तसं: आत खांब नाही, तुळई नाही, आकार हीच ताकद. व्हेस्पा अशी आहे. तिला वेगळी चौकट नाही. पाय ठेवायची फळी, पुढची ढाल, सीटखालचं पोट हे सगळं मिळून एकच कवच होतं आणि तेच तुमचं वजन उचलतं.

आता सिंहस्थाची तयारी डोळ्यांसमोर आणा. मंडपवाले आधी पाइप उभे करतात, क्लॅम्प आवळतात, आणि सगळं ताठ उभं राहिल्यावर त्यावर कापड चढवतात. कापड फाटलं तरी मंडप पडत नाही. लॅम्ब्रेटा अशी आहे. आत एक जाड नळी पाठीच्या कण्यासारखी पुढून मागे जाते, बाकीचे पत्रे तिच्यावर नंतर लावलेले कपडे.

एक गाडी विमानातून आली, दुसरी परांचीतून. ही नुसती गंमत नाही. पुढे दोघींचे जे गुण आणि दोष दिसतात ते जवळजवळ सगळे इथून निघतात.

झाकायचं किती

व्हेस्पाची खरी प्रतिभा झाकण्यात आहे. इंजिन थेट मागच्या चाकाशी, उजव्या बाजूला. त्यामुळे साखळीच नाही. साखळी नाही म्हणजे तेल नाही, पायजम्याची कड अडकणं नाही. पुढचं चाक एकाच बाजूने धरलेलं, विमानाच्या चाकासारखं. म्हणून नट काढले की चाक बाजूला निघतं आणि स्टेपनी बसते, मोटारगाडीसारखी. गिअर डाव्या मुठीत. मधली जागा मोकळी, त्यामुळे धोतर नेसलेला माणूसही टांग न टाकता बसू शकतो. दास्कानिओची प्रत्येक नावड इथे एकेका उत्तरात बदलली आहे. एखाद्या चिडलेल्या माणसाने इतकी शांत वस्तू बनवावी याचं मला दरवेळी आश्चर्य वाटतं.

या शांततेची किंमतही आहे. इंजिन उजवीकडे असल्याने गाडी जराशी एका अंगावर असते आणि चालवणाऱ्याचं शरीर नकळत ते सावरायला शिकतं. दुसरी किंमत जास्त मोठी आहे. कवचच भार पेलत असेल तर कवचाला आलेला पोचा हा नुसता पोचा राहत नाही. पायाखालची फळी गंजली तर गाडीचा कणाच गंजला. पत्रा ठोकून, वेल्डिंग मारून, वर पुट्टी आणि रंग चढवून ती पुन्हा चकचकीत करता येते. आपल्या डेंटिंग-पेंटिंगवाल्यांनी हे काम कलेच्या पातळीवर नेलं. पण रंगाखाली काय आहे हे विकत घेणाऱ्याला बघून कळत नाही.

लॅम्ब्रेटाने सुरुवातीला झाकलंच नाही. पहिल्या मॉडेलात इंजिन आणि नळ्या उघड्या दिसत. गिऱ्हाइकाला व्हेस्पाचं झाकलेपण आवडतं हे लक्षात आल्यावर १९५०मध्ये तिनेही पत्रे चढवले. म्हणजे या बाबतीत लॅम्ब्रेटाने व्हेस्पाची नक्कल केली असं म्हणता येईल, आणि मी ते म्हणतो. फरक एवढाच की तिचे पत्रे काढता येतात. बाजूचं झाकण काढलं की इंजिन मध्यभागी, मागच्या चाकाच्या पुढे बसलेलं दिसतं. ताकद साखळीने चाकाकडे जाते, पण १९५८पासूनच्या मॉडेलांत ती साखळी बंद पेटीत, तेलात फिरते. ‘लॅम्ब्रेटाची साखळी धुळीने खराब व्हायची’ हा नेहमीचा आरोप म्हणून मला कच्चा वाटतो.

पुढचं चाक दोन्ही बाजूंनी धरलेलं. वजन मधोमध. गाडी लांब आणि बुटकी. १९६२च्या एका मॉडेलात तर लॅम्ब्रेटाने पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक दिला, आणि तो विक्रीच्या दुचाकीवरच्या सगळ्यात आधीच्या डिस्क ब्रेकपैकी एक. रस्त्याचा विचार कोणी जास्त केला असं विचारलं तर उत्तर लॅम्ब्रेटा. माणसाचा विचार कोणी जास्त केला असं विचारलं तर व्हेस्पा.

त्र्यंबक रोडवर

मी दोन्ही चालवल्या आहेत. विजय सुपर एका मित्राची, त्याने हौसेने उभी केलेली. चेतक नात्यातल्या एका काकांची. नाशिकहून त्र्यंबकेश्वर सुमारे ३० किलोमीटर. रस्ता आधी सरळ आणि रुंद, नंतर डोंगर जवळ येतात तसा वळणं घेणारा. दोन गाड्यांची परीक्षा घ्यायला पुरेसा.

सरळ रस्त्यावर लॅम्ब्रेटा रुळावर असल्यासारखी जाते. बाजूने एसटी गेली तरी ती आपली रेघ सोडत नाही. लांब वळणावर ती कलते आणि कललेली राहते, मध्येच शंका घेत नाही. व्हेस्पा तिथे थोडी चुळबुळ करते. तिला सतत हातांची सोबत लागते.

मग परत या आणि जुन्या नाशकात शिरा. रविवार कारंजा, तिथून चढ-उताराच्या गल्ल्या, एका बाजूला हातगाडी, दुसऱ्या बाजूला गाय. इथे निकाल उलटतो. व्हेस्पा जागच्या जागी वळते, पाय पटकन खाली टेकतो, आखूड असल्याने कुठेही घुसते. लॅम्ब्रेटा इथे जरा पाहुण्यासारखी वाटते.

म्हणजे कोण श्रेष्ठ हे रस्त्यावर ठरतं, आणि आपले बहुतेक रस्ते गल्ल्या होते. पण ‘आपल्या गल्लीला व्हेस्पा बरी’ आणि ‘व्हेस्पाच चांगली गाडी’ ही दोन विधानं एक नाहीत. पहिलं निरीक्षण आहे, दुसरा निकाल आहे.

निवड कोणी केली?

आता नशिबाकडे येऊ. बजाज समूहाने १९४८पासून व्हेस्पा आयात केल्या, मग पियाज्जोच्या परवान्यावर इथे बनवायला घेतल्या. तो करार १९७१मध्ये संपला. पुढच्याच वर्षी, १९७२मध्ये, आकुर्डीची चेतक आली. नाव राणा प्रतापांच्या घोड्याचं, आकृती व्हेस्पाची. महाराष्ट्र सरकारच्या भागीदारीतली महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी साताऱ्यात प्रिया बनवू लागली. लॅम्ब्रेटा १९५०च्या दशकापासून मुंबईतली ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया ही कंपनी जुळवत होती.

त्या काळात किती गाड्या बनवायच्या हे कारखान्याने ठरवायचं नव्हतं, ते सरकारी परवान्याने ठरायचं. मागणी अफाट आणि उत्पादनावर मर्यादा, म्हणून चेतकसाठी दहा-दहा वर्षांची रांग. नंबर लागलेली गाडी शोरूममधून निघता निघता जास्त भावाने विकली जायची. वरच्या पैशाला ‘ऑन’ म्हणत. मुलाच्या मुंजीत नोंदवलेली स्कूटर त्याच्या लग्नात मिळाली असले विनोद तेव्हाचे, आणि ते फारसे अतिशयोक्त नव्हते.

अशा बाजारात ‘लोकांनी चेतकला पसंती दिली’ या म्हणण्याला अर्थ किती? पसंती द्यायला समोर दोन गाड्या उभ्या असाव्या लागतात. इथे समोर एक पावती होती.

इटलीत लॅम्ब्रेटाचं उत्पादन १९७१मध्ये थांबलं. लोक छोट्या मोटारी घेऊ लागले होते, आणि कारखान्यात संप आणि तोटा होता. भारत सरकारने त्या कारखान्याची यंत्रसामग्री विकत घेतली, १९७२मध्ये स्कूटर्स इंडिया ही सरकारी कंपनी लखनौत स्थापन केली, आणि १९७५पासून तिथे विजय सुपर निघू लागली. ही यंत्रं लॅम्ब्रेटाच्या शेवटच्या पिढीची होती. त्या पिढीची आकृती बेर्तोने या तोरिनोच्या संस्थेने केलेली. हीच ती बेर्तोने, जिने १९६६च्या लॅम्बोर्गिनी मिउराचं शरीर घडवलं. टपरीवर मिउराचे व्हिडिओ बघणाऱ्यांना हे सांगावंसं वाटतं: त्या घराण्याची एक रेघ लखनौमार्गे आपल्या गल्लीतही आली होती. मोठ्या भावाला किंवा वडिलांना विचारा, कुणाच्या तरी अंगणात ती उभी असेलच.

पण खाजगी आकुर्डी आणि सरकारी लखनौ यांच्यात जे झालं ते स्कूटरच्या गुणांमुळे झालं नाही. एका बाजूला सुट्या भागांचं आणि मेकॅनिकांचं गावोगाव पसरलेलं जाळं होतं, तर दुसऱ्या बाजूला तोट्यात चाललेला सरकारी कारखाना. बेर्तोनेची रेघ तिथे काय करणार? जानेवारी २०२१मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने स्कूटर्स इंडिया बंद करायला मंजुरी दिली. तोवर तिथल्या स्कूटरी केव्हाच थांबल्या होत्या.

मागच्या सीटवरून

आतापर्यंत मी चालवणाऱ्याच्या जागेवरून बोललो. पण आपल्या घरांतले स्कूटरचे फोटो बघा. पुढे बाबा, मध्ये उभं राहिलेलं लहान मूल, मागे डावीकडे पाय सोडून बसलेली आई, तिच्या मांडीवर आणखी एक.

दास्कानिओने मधली जागा मोकळी ठेवली ती स्कर्ट घातलेल्या बाईलाही सहज बसता यावं म्हणून. व्हेस्पाच्या इटलीतल्या जाहिरातींत हँडल धरलेल्या बायका भरपूर दिसतात. ‘रोमन हॉलिडे’ या १९५३च्या चित्रपटात ऑड्री हेपबर्न व्हेस्पा स्वतः दामटते आणि रोमचा एक चौक उलथापालथा करते. आपल्याकडे मात्र ती मोकळी जागा गॅस सिलिंडर आणि भाजीच्या पिशव्यांना मिळाली. वस्तूने बाईला हँडलजवळ बोलावलं होतं, घराने तिला मागे बसवलं.

इथे वस्तूवरही थोडा ठपका ठेवायला हवा. शंभर किलोच्या आसपासचं धूड स्टँडवर चढवणं, किक मारणं, चालू झाली नाही तर आडवी करून पुन्हा किक मारणं, मुठीत क्लच दाबून गिअर फिरवणं. हे बाईला जमत नाही असं मुळीच नाही. पण शिकायला गाडी हातात यावी लागते, आणि दहा वर्षं थांबून आलेली एकुलती एक गाडी बहुतेक घरांत शिकायला कुणी दिली नाही. व्हेस्पा आणि लॅम्ब्रेटा दोघीही या बाबतीत नापास. पुण्याच्या कायनेटिकची लूना १९७२ची आणि कायनेटिक होंडा १९८४ची. दुसरीला गिअर नव्हता आणि बटण दाबलं की ती चालू व्हायची. सौंदर्याच्या कुठल्याच यादीत या गाड्या येत नाहीत. पण आपल्या आया आणि मावश्या ज्या गाडीवर पहिल्यांदा एकट्या घराबाहेर पडल्या ती बहुधा यांतलीच. ‘क्लासिक’ची यादी करणारे कुठे बसले होते हे यावरून कळतं: पुढच्या सीटवर.

फुगवट्याच्या आत काय?

बजाजने २००९मध्ये स्कूटरच्या धंद्यातून पूर्ण माघार घेतली आणि दहा वर्षांनी, २०१९मध्ये, विजेवरची चेतक दाखवली. पियाज्जोने २०१२पासून बारामतीत व्हेस्पा बनवायला सुरुवात केली. म्हणजे आज दोन्ही नावं पुन्हा महाराष्ट्रातच घडतात, आणि तुमच्यातल्या काही जणांनी त्यांतली एखादी ईएमआयवर घेतलीही असेल.

नव्या चेतकची जाहिरात धातूच्या शरीराची आणि जुन्या आठवणींची आहे. दिसायला ती देखणी आहे, यात वाद नाही. पण जुन्या व्हेस्पाच्या प्रत्येक वळणाला काम होतं. उजवीकडचा फुगवटा होता कारण आत इंजिन होतं. पुढची ढाल होती कारण चिखल उडायचा आणि ती भारही पेलायची. नवीन गाडीत पेट्रोलचं इंजिन नाही, तरी फुगवटा आहे. त्याच्या आत मुख्यतः आठवण भरली आहे. आठवण विकणं गुन्हा नाही. पण दास्कानिओचा वारसा म्हणायचा तर तो त्या आकृतीत शोधू नये. तो त्याच्या प्रश्नात आहे: या गाडीत बसणाऱ्याला सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो? आजचं उत्तर चार्जिंग असेल, बॅटरीची किंमत असेल, दुरुस्तीसाठी कंपनीवरच अवलंबून राहणं असेल. त्या उत्तराची आकृती कशी दिसेल हे कुणालाच ठाऊक नाही. १९४६मध्येही गांधीलमाशी कुणाच्या डोळ्यांसमोर नव्हती.

मूळ कल्पनांचा थेट वंश मात्र भलत्याच ठिकाणी सापडतो. पियाज्जोने व्हेस्पावरून तीनचाकी बनवली, तिचं नाव आपे, म्हणजे मधमाशी. द्वारका चौकात शेअर रिक्षा म्हणून उभी असते ती ‘अॅपे’ त्याच कुळातली. तिला कोणी क्लासिक म्हणत नाही. ती रोज काम करते.

माझा निकाल

कल्पना म्हणून व्हेस्पा मोठी आहे. एका माणसाच्या चिडीतून निघालेलं, एका श्वासात म्हटलेलं वाक्य आहे ते. त्यातला एक शब्द काढला तर वाक्य पडतं. यंत्र म्हणून, लांबच्या रस्त्यावरची सोबत म्हणून, लॅम्ब्रेटा जास्त चांगली होती, आणि तिची रचना जास्त प्रामाणिक. कुठे भार आहे आणि कुठे नुसता कपडा हे ती लपवत नाही. मला एकच ठेवायला सांगितलं तर मी लॅम्ब्रेटा ठेवीन. पण विद्यार्थ्यांना शिकवायला घेऊन जायची असेल तर व्हेस्पा नेईन.

आणि चेतक टिकली म्हणून श्रेष्ठ, हे मात्र मी मान्य करणार नाही. ती टिकली कारण तिच्यामागे आकुर्डी होती, मेकॅनिक होते, आणि दुसरं काही मिळतच नव्हतं. तिच्यावर प्रेम करायला याने काही अडत नाही. फक्त ते प्रेम कशावर आहे हे माहीत असावं: गाडीवर, की तिच्यासाठी थांबलेल्या वर्षांवर.

पुढच्या वेळी कुठे जुनी स्कूटर दिसली तर तिच्या बाजूच्या पत्र्यावर हलकेच टिचकी मारून बघा. मालकाची परवानगी मात्र आधी घ्या. या लोकांना रंगाची फार काळजी असते.